सोमवारी न फिरणारे जिवाणू

सदर व्यक्ती स्त्री असून वय पन्नाशीपुढे. उंची मध्यम, बांधा मध्यम, वर्ण विचारात घेण्याजोगा नाही. पद: प्रयोगशाळा साहाय्यक, श्रेणी दोन; श्रेणी एक ही जागा भरण्याची प्रथा नाही. वैवाहिक स्थिती: विधवा. अवलंबित: एक मुलगा, सज्ञान, धडधाकट, कमावता, सदर मुलगा नेमका कोणत्या अर्थाने अवलंबित आहे याचा खुलासा मागवला असता तो प्राप्त झालेला नाही. सदर व्यक्तीने कोणतीही मोडतोड केल्याची नोंद नाही. कामाचे स्वरूप: जिवाणूंच्या शेपट्या तोडणे.

ही शेवटची ओळ लिहिताना आस्थापना विभागाच्या कारकुनाने फोन करून खात्री करून घेतली होती. "शेपट्याच ना?" "शेपट्याच." "आणि तोडणेच?" "तोडणेच." "बरं," तो म्हणाला, "आपल्याला काय, लिहिलं."

इमारतीत त्यांना सगळे कात्रीबाई म्हणत. कात्री त्यांनी जन्मात वापरली नाही. त्यांचं हत्यार म्हणजे दोन सिरिंज, समोरासमोर धरलेल्या आणि मधे केसाइतक्या बारीक भोकाच्या नळीने जोडलेल्या. एकीत जिवाणूंचं गढूळ पाणी भरायचं आणि अंगठ्याने दट्ट्या दाबून ते नळीतून पलीकडच्या सिरिंजमध्ये कोंबायचं. मग पलीकडून अलीकडे. मग पुन्हा पलीकडे. त्या नळीतून जाताना जिवाणूंच्या शेपट्यांना असा हिसका बसतो की त्या बुडाशी तुटतात. अंगठा मवाळ पडला तर तुटत नाहीत. अंगठा फार तापला तर नळी सुटते आणि सगळा माल तोंडावर येतो. कात्रीबाईंच्या तोंडावर तो कधी आला नव्हता. उजव्या हाताचा त्यांचा अंगठा जाड, बोथट आणि सुताराच्या हातोडीइतका भरवशाचा होता.

शेपट्या का तोडायच्या, हे साहेब पाहुण्यांना फार रंगून सांगत. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांचं सांगणं असं: जिवाणू माशासारखी शेपटी वळवळवत नाही, तो ती फिरवतो. प्रत्येक शेपटीच्या बुडाशी, त्याच्या अंगाच्या सालीत रुतलेली एक मोटर असते. खरी मोटर, चाक आहे, आस आहे, आसाला वाकणारा जोड आहे. वीज मात्र नाही. बाहेर हायड्रोजनचे भारित कण दाराशी जमलेल्या जमावासारखे आत घुसायला टपलेले असतात. ते ज्या फटींतून आत शिरतात, त्या फटींवरची प्रथिनं चाकाला धक्के देतात आणि चाक फिरतं, सेकंदाला शंभराच्या वर फेरे. सगळ्या शेपट्या एका दिशेने फिरल्या की त्यांची एक वेणी होते आणि जिवाणू सरळ सुटतो. एखादी उलटी फिरली की वेणी विस्कटते, जिवाणू गटांगळी खातो आणि भलतीकडेच तोंड करून पुन्हा निघतो.

ही मोटर इतकी बारीक की चालू असताना साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. म्हणून जिवाणूला वेगळ्या प्रकारे बोलतं करायचं. शेपट्या तोडायच्या आणि एखादा उरलेला खुंट काचेला डकवून टाकायचा. आता शेपटी फिरू शकत नाही, पण मोटर काही थांबायचं नाव घेत नाही. मग शेपटीऐवजी जिवाणूच त्या खुंटाभोवती गरगर फिरतो. "भिंतीला शेपूट खिळलेलं मांजर डोळ्यांपुढे आणा," साहेब म्हणत. पाहुण्यांमधलं कोणी ना कोणी ते आणायचं आणि मग चहा नको म्हणायचं.

शेपट्या नीट तुटल्या नसतील तर मजा जाते. जिवाणू दोनतीन जागी चिकटतो, त्याच्या मोटरी एकमेकींशी झोंबत बसतात आणि तो फिरायचं सोडून जागच्या जागी थरथरतो.

घरी कात्रीबाईंना मुलगा मारायचा. हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि विचारलं तर कोणालाच ठाऊक नव्हतं.

मारण्याचा हक्क त्याच्याकडे वडिलोपार्जित आला होता. बाप पट्ट्याने मारायचा. बाप ट्रकखाली गेला तेव्हा पट्टा त्याच्या कमरेलाच होता, तो त्याच्याबरोबर गेला, आणि मुलाला स्वतःची पद्धत शोधावी लागली. तो टायरच्या दुकानात होता. आठवडाभर चाकांचे नट सोडायचे, टायर उपटायचे, हवा मारायची. रविवारी दुकान बंद आणि हात रिकामे. कारण लागेलच असं नव्हतं, पण तो न्यायी होता, कारण द्यायचा. चहा गार का? शर्ट ओला का? शेजारच्या काकूंशी एवढं काय बोलत होतीस? आज गप्प का, तोंड शिवलंय?

सुरुवातीला तो तोंडावर मारायचा. पण गालावर वळ उठतो आणि वळ दाराबाहेर जाऊन चुगल्या करतो. दुकानाच्या मालकिणीने एकदा विचारलं, "तुझी आई फार धडपडते का रे?" तेव्हापासून त्याने जागा बदलली. जेवण झालं की तो आईचा उजवा अंगठा मुठीत धरायचा आणि गंजलेला नट सैल करावा तसा पिळायचा. आधी हळू, सांध्यातला दाणा सापडेपर्यंत, मग एकदम.

"ओरडू नकोस, म्हातारे. शेजारी जेवतायत."

त्या ओरडायच्या नाहीत. शेजारी जेवायचे.

सोमवारी अंगठा वांग्यासारखा झालेला असे. कात्रीबाई बाह्या पुढे ओढून काम करत आणि डाव्या अंगठ्याने दट्ट्या दाबत. डावा अंगठा मन लावून दाबायचा, पण त्याला ते जमायचं नाही. शेपट्या अर्ध्यामुर्ध्या तुटायच्या. बुधवारपर्यंत सूज उतरायची आणि जिवाणू पुन्हा भिंगरीसारखे फिरू लागायचे.

त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांना तळघरात पाठवलं असतं. तळघरात भांडी धुतली जातात, तीही आम्लाने. तिथल्या भांडीवाल्याच्या बोटांची कातडी कधीच एका रंगाची नसायची. लिफ्टमध्ये भेटला की तो म्हणायचा, "या की कात्रीबाई खाली. खुर्ची नाही, पण बसायला वेळही नाही." त्या हसायच्या आणि वरच्या मजल्यावर उतरायच्या. वर खिडकी होती, खुर्ची होती, आणि अंगाला कोणी हात लावत नसे. तोडायचं काम होतं, पण ते त्या करत होत्या, त्यांच्यावर होत नव्हतं. जगात एवढी एकच जागा त्यांच्या मालकीची होती आणि ती एका अंगठ्यावर उभी होती.

आता साहेबांविषयी. साहेब हुशार होते, आणि हुशारी अंगात मावेनाशी झाली की हातात असेल ते भिरकावत. पेन, डस्टर, एकदा खुर्ची. भिंतीवर त्यांच्या कारकिर्दीचे टवके उडालेले होते. या साहेबांच्या लक्षात आलं की आठवड्याच्या आलेखाला दर सोमवारी खड्डा पडतो. सोमवारी फिरणारे जिवाणू कमी, थरथरणारे जास्त. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, सोमवारी काहीतरी गडबड होते. पण साहेब शास्त्रज्ञ होते. त्यांनी शोध लावला.

चाकाला ढकलणाऱ्या प्रथिनांना प्रयोगशाळेत 'ढकले' म्हणत. ढकल्यांची एक खोड जगजाहीर आहे. मोटरीवर ओझं वाढलं की आजूबाजूचे आणखी ढकले येऊन चाकाला खांदा लावतात; ओझं हलकं झालं की एकेक जण निघून जातो. साहेबांचं म्हणणं पडलं की शनिवार-रविवार फ्रिजमध्ये पडून जिवाणू आळसावतात, ढकले मोटर सोडून जातात आणि सोमवारी परत यायला कुरकुर करतात. आपल्या कर्मचाऱ्यांविषयीही त्यांचं नेमकं हेच मत होतं, त्यामुळे सिद्धांत त्यांना फारच पटला. त्याचं नाव ठेवलं 'विश्रांतीजन्य शैथिल्य'. लेख लिहून झाला, परीक्षकांकडे गेला. परीक्षकांनी एकच हरकत काढली: शेपट्या दर वेळी सारख्याच तुटलेल्या होत्या, हे एकदा दाखवा.

"दाखवा म्हणे!" साहेब म्हणाले. "आमच्याकडे माणूस नाही, यंत्र आहे यंत्र! काय बाई?"

"हो," कात्रीबाई बाह्या ओढत म्हणाल्या.

दाखवायचं काम नव्या संशोधिकेकडे आलं. ती नुकतीच रुजू झाली होती आणि इमारतीत काय माहीत नसायला हवं, हे तिला अजून शिकायचं होतं. तिने जिवाणूंवर एक रंग चढवला, ज्याने एरवी न दिसणाऱ्या शेपट्या अंधारात चमकतात. बुधवारचे जिवाणू पाहिले; बोडके, ठीक. सोमवारचे पाहिले आणि तिने साहेबांना हाक मारली. पडद्यावर लांबच लांब शेपट्या झळाळत होत्या.

साहेब बराच वेळ पाहत राहिले. सिद्धांत मरताना पाहायला वेळ लागतो. मग त्यांनी शेजारचा परीक्षानळ्यांचा स्टँड उचलला आणि भिंतीवर हाणला. काचा खोलीभर झाल्या. एक कपची कात्रीबाईंच्या कोपराखाली रुतली. त्यांनी ती उपटली, रक्त बोटाने दाबलं आणि कपची फुटक्या काचेच्या डब्यात टाकली, नियमाप्रमाणे.

"हात दाखवा."

त्यांनी डावा दाखवला.

"दुसरा!"

दुसरा हात बाहीतून बाहेर आला. अंगठा काळानिळा होता आणि नख मुळापासून सुटलं होतं. खोलीतले सगळे कशात तरी गढून गेले. कोणी तराजू पुसायला लागला, कोणाला एकदम फोन आला. ओझं वाढलं की ढकले जमतात, हा नियम जिवाणूंपुरता आहे.

"पडलात?" साहेबांनी विचारलं.

"पडले."

"दर रविवारी?" संशोधिका म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ते काही दुष्ट नव्हते. त्यांना खरंच काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांना एकाच विषयाचं बोलता येत असे.

"मग रविवारी पडू नका," ते म्हणाले. "येत्या सोमवारी मला साफ तुटलेल्या शेपट्या हव्यात. तरीही खड्डा राहिला तर माझा सिद्धांत खरा. आणि शेपट्या तुटल्या नाहीत तर बाई, तुम्ही तळघरात. मला इलाज नाही."

संशोधिकेने कात्रीबाईंना जिन्यात गाठलं.

"मावशी, पोलिसांत जाऊ या. मी येते बरोबर."

"ये. मग संध्याकाळी तू तुझ्या घरी, मी माझ्या."

"माझ्याकडे राहा मग."

"तुझी घरमालकीण तुला मांजर पाळू देत नाही, ती मला पाळू देईल होय?"

"बरं, सोमवारी शेपट्या मी तोडते. कोणाला कळणार नाही."

कात्रीबाई पायरीवर थांबल्या. संशोधिकेला वाटलं, पटलं.

"म्हणजे तुला जमतं हेही त्यांना कळेल," त्या म्हणाल्या. "नको गं बाई. एक अंगठा सुजला तो पुरे आहे, माझ्या पोटावर दुसऱ्याचा अंगठा नको."

तो आठवडा सूज उतरण्यात गेला. रविवारी त्यांनी मुलाच्या आवडीचं जेवण केलं, चहा कढत दिला, शर्ट वाळवून घडी करून ठेवला. काकूंशी मोजकं बोलल्या; कमी नाही, जास्त नाही. मुलाला सापडेल असं एकही कारण त्यांनी घरात शिल्लक ठेवलं नाही.

मुलगा जेवला, ढेकर दिली, आणि आजूबाजूला पाहून त्याला राग आला.

"आज फार गुणाची झालीस?"

"झाले."

"माझी थट्टा करतेस?" त्याने टेबलावरून हात पुढे केला. "आण इकडे."

"आज नको, राजा. उद्या काम आहे."

तो हसला. त्याला ते खरंच विनोदी वाटलं असावं. "काम! जंतूंच्या शेपट्या!" त्याने त्यांचा उजवा अंगठा पकडला आणि दाणा शोधायला लागला.

कात्रीबाईंनी डावा हात त्याच्या मनगटाखाली घातला, तो टेबलाला दाबला आणि स्वतःचा अंगठा त्याच्या मुठीतून हिसडून काढला. कातडी सोलली गेली, पण अंगठा सुटला. मुलगा या अनपेक्षित प्रकाराने क्षणभर नुसता पाहत राहिला, आणि तेवढ्यात त्यांनी त्याचा अंगठा धरला. इतकी वर्षं दट्ट्या दाबलेला हात. त्यांनी दाबलं. दट्ट्या दाबतात तसं, हिसका न देता, एकसारखं, समोरचं नमेपर्यंत. मुलाचा अंगठा मागे गेला, मनगटाकडे गेला, आणि ओली फांदी मोडावी तसा मोडला.

मुलगा गुरासारखा ओरडला. त्याने डाव्या मुठीने त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. त्यांचा एक दात टेबलावर पडला. त्यांनी सोडलं नाही. त्याने लाथ मारली, टेबल उलटलं, दोघं त्यावरून जमिनीवर आले, आमटीचं पातेलं अंगावर आलं. तो खाली, त्या वर. तो त्यांचे केस उपटत होता आणि त्या मोडलेलं हाड पिळत होत्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्याने पायांनी कपाट लाथाडलं, वरचे डबे धडाधड खाली आले, एक त्याच्याच कपाळावर फुटला. रक्त डोळ्यांत गेलं तसा त्याचा जोर सरला. तो आई, आई म्हणून रडायला लागला. हाक योग्य व्यक्तीला जात होती, तरी तिचा काही उपयोग झाला नाही. त्या पिळत राहिल्या. पहिल्यांदा हात का उचलला हे त्यांना माहीत होतं. थांबायचं कशासाठी, हे त्यांना बराच वेळ सुचेना.

दारावर थाप पडली. शेजारच्या काकू होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच दार वाजवलं होतं. आजवर या घरातून आवाज बाईमाणसाचा यायचा नाही आणि पुरुषाचा आला तर तो दरडावण्याचा; रडण्याचा आज पहिल्यांदाच आला होता.

"काय झालं हो?" काकूंनी बाहेरून विचारलं.

"काही नाही, काकू," कात्रीबाई तोंडातलं रक्त थुंकून म्हणाल्या. "मुलगा पडला. तुम्ही जेवा."

काकू थोडा वेळ दाराशी घुटमळल्या आणि जेवायला गेल्या.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "हे कसं झालं?" मुलाने कात्रीबाईंकडे पाहिलं. त्या बाकावर ओठाला बर्फ लावून बसल्या होत्या. "जॅक निसटला," मुलगा म्हणाला. "चाक हातावर आलं." डॉक्टर म्हणाले, रविवारी दुकान बंद नसतं का? मुलगा म्हणाला, असतं. डॉक्टरांनी आणखी काही विचारलं नाही. हाड त्यांनी बसवलं, पण ते नीट बसलं नाही.

सोमवारी कात्रीबाई नेहमीच्या वेळेला आल्या. जबडा एका बाजूने सुजलेला, बोलताना मधल्या फटीतून वारा जाणारा. भांडीवाला लिफ्टमध्ये होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही. त्या खुर्चीवर बसल्या, सिरिंज जोडल्या, नळी तपासली, सोललेल्या अंगठ्यावर पट्टी गुंडाळली आणि दाबायला लागल्या. पलीकडे, अलीकडे, पलीकडे. पट्टीतून रक्त आलं. त्यांनी पट्टी बदलली. कोपरात कळ येत होती, ती त्यांनी येऊ दिली.

संशोधिकेने थेंब काचेवर घेतला, रंग चढवला, पाहिलं. सगळे बोडके. मग साहेबांनी डोळा लावला. खाली काचेवर, खुंटांनी डकवलेले शेकडो जिवाणू गरगर फिरत होते. एखादा मधेच थबकायचा, उलटा फिरायचा, पुन्हा सुलटा. थरथरणारा शोधूनही सापडेना. खड्डा गेला, आणि खड्ड्याबरोबर सिद्धांत. ढकले शनिवार-रविवारी कुठेही गेले नव्हते. साहेबांच्या हाताला भिरकावण्यासारखं काही लागलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःचा चष्मा भिंतीवर मारला आणि मग तो शोधायला कोणाला तरी हाक मारली.

तो शोधायला कोणी उठलं नाही. सगळे कात्रीबाईंच्या तोंडाकडे पाहत होते. संशोधिकेने हळूच विचारलं, "मावशी, काल...?"

"तुझा दुसरा नमुना घे," कात्रीबाई म्हणाल्या. "गरम होतोय."

लेख मागे घेण्यात आला. पुढे तो निराळ्या नावाने छापून आला आणि त्यात एक वाक्य होतं: वारानुसार कोणताही फरक आढळला नाही. कात्रीबाईंची बदली झाली नाही. मुलगा घरातच राहिला, जाणार कुठे? दुकानात त्याला नट सोडायचं काम जमेना, तेव्हा मालकिणीने हवा भरायला बसवलं. रविवारी तो जेवून झाल्यावर बाहेर जातो आणि दिवेलागणीला येतो. जाताना सांगून जातो.

वर्षाखेरीस आस्थापना विभागाने नियमाप्रमाणे अभिप्राय मागवला. साहेबांनी लिहून पाठवलं की सदर व्यक्तीची वर्तणूक समाधानकारक असून स्वभाव शांत व सोशिक आहे, आणि तिच्यापासून कोणासही कसलीही इजा पोहोचल्याचे ज्ञात नाही.

मुलगा चमचा डाव्या हातात धरतो.